घरातल्या नकोशा वस्तू देताना: आधी घेणारा शोधा, मग गाठोडं बांधा

दिवाळीआधीची आवराआवर निघाली, घरात लग्न ठरलं किंवा सोसायटी पुनर्विकासाला गेली की घराघरांतून पोतीच्या पोती सामान बाहेर पडतं. ‘कुणाच्या तरी उपयोगी पडेल’ असं म्हणून ते एखाद्या संस्थेच्या दारात नेऊन ठेवलं जातं. त्यातला मोठा हिस्सा शेवटी कचऱ्यातच जातो. फरक इतकाच, की तो निवडायचे कष्ट आणि वाहून न्यायचा खर्च आता त्या संस्थेवर पडलेला असतो.

देणाऱ्यांची भावना खरी असते, चुकतो तो क्रम. आधी गाठोडं बांधायचं आणि मग ते कुणाच्या गळ्यात घालायचं हे शोधायचं, असं सर्रास चालतं. खालचे टप्पे याच्या उलट क्रमाने आहेत आणि तो क्रम मोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

टप्पा १: कपाटं उघडा, पण काहीही बाहेर काढू नका

पहिल्या दिवशी फक्त वही-पेन किंवा फोन घेऊन घरभर फिरा. माळा, दिवाणाच्या पोटातला कप्पा, गच्चीच्या जिन्याखालचा कोपरा, काहीही सोडू नका. जे नको आहे त्याची यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा: नग किती, माप काय, अवस्था कशी.

‘जुने कपडे, दोन पिशव्या’ या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. ‘सुती सहावारी साड्या ५, पुरुषांच्या पँट कंबर ३४ च्या ४, सहा-सात वर्षांच्या मुलीचे फ्रॉक ८, सिंगल चादरी ३’ असं लिहिलंत तर फोनवर समोरचा माणूस लगेच हो किंवा नाही सांगू शकतो. मोठ्या वस्तूंची लांबी-रुंदी-उंची मोजून ठेवा आणि उजेडात फोटो काढा. कुठे पोपडा, तडा, गंज असेल तर त्याचा वेगळा जवळून फोटो घ्या.

सामान बाहेर काढायची घाई का नको? एकदा का दिवाणखान्यात ढीग लागला, की दुसऱ्या दिवसापासून त्याला अडखळायला होतं. तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी वैतागून ‘ने बाबा एकदाचं कुठेतरी’ म्हणतं, आणि निवड तिथेच संपते.

टप्पा २: घेणारा शोधा, जवळून लांब असा

आधी नात्यात आणि इमारतीत विचारा. वाहतूक लागत नाही आणि वस्तू नक्की वापरली जाते. ‘दिलेलं परत करायचं नाही, नको असेल तर स्पष्ट नको म्हणायचं’ एवढं बोलून घेतलं की संकोच राहत नाही. लहान मुलांची सायकल, पाळणा, बाबागाडी, अभ्यासाचं टेबल या वस्तू बहुधा इथेच संपतात.

मग घरात आणि सोसायटीत काम करणारी माणसं. इथे फार चुका होतात. विचारल्याशिवाय पिशवी हातात कोंबली, तर मावशींना नाही म्हणता येत नाही. नकोसं ओझं त्या घरी नेतात आणि तिथून पुढे टाकतात. वस्तू समोर मांडून विचारा: ‘मावशी, हे आमच्याकडे वापरात नाही. तुम्हाला यातलं काही हवं असेल तर बघून घ्या. नको असेल तरी काही हरकत नाही, मी दुसरीकडे देणार आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका, त्याच्यामुळेच त्यांना नकार देता येतो. आणि जुनी वस्तू ही पगाराचा किंवा दिवाळीच्या बोनसचा पर्याय नाही. तो हिशेब वेगळा ठेवा.

त्यानंतर परिसरातली ठिकाणं: अंगणवाडी, महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा, सार्वजनिक वाचनालय, वृद्धाश्रम, मुलांचं वसतिगृह, प्राण्यांचा निवारा. टॉवेल, मऊ चादरी आणि वर्तमानपत्रं यांची प्राण्यांच्या निवाऱ्यांना कायम गरज असते आणि नेमकी तिथेच कुणी चौकशी करत नाही.

मग शहराची व्यवस्था. २०२३ च्या मे महिन्यात ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत देशभरातल्या नगरपालिका आणि महापालिकांनी ‘थ्री-आर’ (कमी वापर, पुनर्वापर, पुनर्चक्रण) केंद्रं उघडली. जुने कपडे, पुस्तकं, खेळणी, प्लॅस्टिक तिथे घेतलं जात होतं. तुमच्या प्रभागातलं केंद्र आज चालू आहे का, हे क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालयात विचारूनच निघा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नकोशा घरगुती वस्तूंचं संकलन करते. देशपातळीवर ‘गूंज’ मोठ्या प्रमाणावर कपडे आणि घरगुती वस्तू गोळा करून गावांत पोचवते. गावातल्या विहिरी, रस्ते, बांध अशा कामांच्या बदल्यात वस्तू देण्याची तिची पद्धत आहे. त्यामुळे घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखं वाटत नाही. सुती कापडापासून तिथे सॅनिटरी पॅडही बनवले जातात.

कुठेही फोन केलात तरी हे विचारा:

- सध्या तुम्हाला कशाची गरज आहे?
- काय अजिबात घेत नाही?
- कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत आणायचं?
- गाडी तुम्ही पाठवता की आम्ही आणून द्यायचं?
- तुमच्या उपयोगाचं नसेल त्याचं पुढे काय करता?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून संस्था कशी आहे ते कळतं. ‘आम्ही तसलं घेतच नाही, परत पाठवतो’ असं ठणकावून सांगणारी संस्था मला जास्त भरवशाची वाटते. सगळं गोड बोलून ठेवून घेणाऱ्यांबद्दल मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही.

सावधान: पूर, आग, दरड अशा आपत्तीच्या बातम्या लागल्या की जुन्या कपड्यांची पोती पाठवू नका. पूरग्रस्ताच्या घरात चिखल असतो. त्याला पिण्याचं पाणी, कोरडा शिधा, नव्या चादरी, सतरंज्या, अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, झाडू-खराटे, फिनेल लागतं. जुने कपडे ट्रकमधून उतरवायला, निवडायला आणि ठेवायला तिथे ना माणसं असतात ना कोरडी जागा. ते नंतर रस्त्याकडेला भिजत पडतात. स्थानिक कार्यकर्त्यांनी मागणीची यादी दिली असेल तर त्या यादीबाहेरचं काही पाठवू नका.

‘माणुसकीची भिंत’, म्हणजे नको ते ठेवून जायची आणि हवं ते न्यायची जागा, अनेक गावांत आहे. तिथे धुतलेला, घडी केलेला, लगेच घालता येईल असा कपडाच टांगायचा. पावसाळ्यात आणि रात्री तिथे काही ठेवू नका. भिजलेल्या कपड्यांना दोन दिवसांत कुबट वास येतो आणि भिंतीपाशी उकिरडा होतो.

टप्पा ३: आता बाहेर काढा आणि पाच ढीग करा

घेणारे ठरले. आता सामान काढा, एका वेळी एकच कपाट. ढीग असे: तसंच देता येईल, थोड्या दुरुस्तीने देता येईल, विकता किंवा मोडीत घालता येईल, कापून घरातच वापरता येईल, भंगार आणि ई-कचरा. सहावा, ‘बघू नंतर’ नावाचा ढीग करू नका. तो पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच राहतो.

पहिल्या ढिगासाठी कसोटी सोपी आहे. चादर असेल तर विचारा, आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला ही अंथरून देऊ का? शर्ट असेल तर, माझा भाऊ हा घालून कामाला जाईल का? उत्तर द्यायला वेळ लागला, तर ती वस्तू पहिल्या ढिगात जात नाही. ‘गरिबाला काय, काहीही चालतं’ हा विचार मनात आला की हात तिथेच थांबवा.

टप्पा ४: खिसे, कप्पे, कागद आणि माहिती

हा टप्पा गाळला तर वस्तू गेल्यावर फक्त पश्चात्ताप उरतो.

पँट-कोटांचे आतले खिसे, पर्सचे चोरकप्पे, साड्यांच्या घड्या, उशांचे अभ्रे, गादीची शिवण, जुन्या डब्यांचे तळ, पूजेच्या पेटीचा खालचा खण, सगळं हात घालून बघा. आजीच्या पिढीतल्या बायका पैसे आणि सोनं अशा जागी ठेवत. पुस्तकं उलटी धरून झटका, मुदत ठेवीच्या पावत्या आणि फोटो पानांत असतात. कपाटाचा लॉकर उघडून बघा आणि किल्ल्या त्याच कपाटाच्या मुठीला तारेने बांधा. किल्लीविना कपाट कुणी घेत नाही.

आधार, पॅन, बँकेची पासबुकं, चेकबुकं आणि दवाखान्याचे कागद रद्दीत तसेच टाकू नका. बारीक फाडा किंवा पाण्यात भिजवून लगदा करा. कुरियरच्या खोक्यांवरचे नाव-पत्त्याचे चिकटपट्टे काढा.

जुन्या घरातून मोडी लिपीतले कागद, हिशेबाच्या वह्या, सनदा निघाल्या तर त्या कुठल्याच ढिगात टाकू नका. वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत गेलेले असे कागद परत मिळत नाहीत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतर जिल्ह्यांतही मोडी वाचणारे अभ्यासक भेटतात. आधी त्यांना दाखवा.

फोनसाठी क्रम असा: फोटो आणि संपर्क दुसरीकडे घ्या, पैसे पाठवायची आणि बँकेची ॲप्स बंद करा, गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता रीसेट केलं तर फोन पुन्हा तुमचाच पासवर्ड मागतो आणि घेणाऱ्याच्या हाती निरुपयोगी डबा राहतो. दान आलेले फोन वाया जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सिम आणि मेमरी कार्ड काढलंय ना, हे शेवटी पुन्हा बघा.

लॅपटॉपमध्ये फायली डिलीट करून माहिती पुसली जात नाही. रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा, वेळ लागला तरी चालेल. लॅपटॉप चालूच होत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून हार्ड डिस्क काढून घ्या आणि बाकीचं द्या.

तपासा: फोन रीसेट झाल्यावर पुन्हा चालू करा. भाषा निवडण्याचा पहिला पडदा आला आणि पुढे जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला नाही, तरच काम झालं.

टप्पा ५: वस्तूंप्रमाणे तयारी

*कपडे*

धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, मग घडी करा. दमट कपडा पिशवीत बांधला तर शेजारच्या चांगल्या कपड्यांनाही बुरशी लागते. तुटलेलं बटण लावा, उसवलेली शिवण घाला, पँटची चेन चालते का बघा. दहा मिनिटांच्या या कामासाठी गावातल्या माणसाला शिंप्याकडे पैसे मोजावे लागतात.

जोड्या सोडू नका. सलवार, कमीज आणि ओढणी एकत्र पिनेने टाचा. लहान मुलांच्या कपड्यांवर वयाची चिठ्ठी लावा. वापरलेली अंतर्वस्त्रं आणि मोजे कधीही देऊ नका. शाळेचा गणवेश त्याच शाळेतल्या पालकांना द्या, दुसरीकडे त्याचा उपयोग नाही. पुरुषांच्या दणकट पँट, स्वेटर, शाली, चादरी आणि मोठ्या मुलांचे कपडे हे जास्त मागितलं जातं. जरीच्या भरजरी साड्या आणि लग्नातले कोट मात्र कुणाला लागतात हे विचारूनच द्या.

स्वेटर-घोंगड्या ऑक्टोबरात द्या. मेळघाट, नंदुरबार, जव्हार-मोखाडा अशा भागांत दिवाळीच्या सुमारास कपडे घेऊन जाणारे गट पुण्या-मुंबईतून निघतात. त्यांचं संकलन दसऱ्याच्या आसपास सुरू होतं आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. लवकर पोचलेलं सामान नीट निवडलं जातं.

विरलेली सुती साडी देऊ नका, तिचं घरात सोनं होतं. मऊ धोतर-साड्यांची बाळाची दुपटी, चार-पाच साड्यांची गोधडी किंवा वाकळ, जाड कापडाची पायपुसणी, उरलेल्या चिंध्या फरशीला. गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून बऱ्याच गावांत आणि शहरांतल्या वस्त्यांत आहेत. शिलाई ठरवून त्यांना काम द्या. आणि हे सुती कापडालाच लागू आहे. नायलॉन-पॉलिस्टर पाणी शोषत नाही, त्याचं पुसणं होत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला ते लावूही नये.

जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण अजून दारावर येत असेल तर घालण्याजोगे पण संस्थांना नको असलेले कपडे तिला द्या. ती ते धुऊन, सांधून जुन्या बाजारात पोचवते आणि त्यावर तिचं घर चालतं. घासाघीस करून तिच्याकडून मोठं पातेलं उकळण्यात काही पराक्रम नाही. फाटक्या लोकरी कपड्यांनाही वाट आहे. हरियाणात पानिपतला जुन्या लोकरीचा धागा काढून त्याची ब्लँकेटं विणण्याचा मोठा उद्योग आहे आणि भंगाराच्या साखळीतून माल तिथपर्यंत जातो. म्हणून लोकरीचं वेगळं बांधा.

*भांडी आणि स्वयंपाकघर*

स्टीलची भांडी सगळीकडे चालतात. मोठी पातेली, पराती, झारे, डबे बचत गटांना आणि वसतिगृहांना हवे असतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांची कल्हई गेली असेल तर कल्हई करून द्या, नाहीतर भांड्यांच्या दुकानात मोडीत घाला. वजनावर पैसे मिळतात. नॉनस्टिकचा थर निघालेला तवा देऊ नका. कुकर देताना रबर नवं घाला, सेफ्टी व्हॉल्व्ह बदला, शिट्टी साफ करा. खर्च थोडा आहे आणि त्याशिवाय कुकर देणं धोक्याचं आहे. मिक्सर चालवून बघा, जारचं पातं सैल नाही ना हे तपासा, वायर कुठे सोललेली असेल तर बदला.

गॅसची शेगडी देता येते, नळी देऊ नका. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायचीच असते. सिलिंडर आणि रेग्युलेटर तर तुमच्या मालकीचेच नसतात, ते अनामत रकमेवर दिलेले असतात. जोडणी नको असेल तर एजन्सीकडे कागद घेऊन जा, सामान परत करा आणि अनामत परत घ्या. शेजाऱ्याला ‘राहू दे तुझ्याकडे’ म्हणून सिलिंडर देणं बेकायदा आहे.

*पुस्तकं*

इथे चांगल्या हेतूची सर्वांत जास्त नासाडी होते. महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मुलांना मोफत मिळतात. तुमच्या मुलाचं सहावीचं जुनं पुस्तक जिल्हा परिषदेच्या शाळेला पाठवून उपयोग नाही. शिवाय २०२३-२४ पासून दोन वर्षं दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत लिहायला कोरी पानं घातलेली होती, ती बहुधा भरलेली असतात. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने यायला लागला आहे. त्यामुळे आवृत्ती बघितल्याशिवाय कुठलंच पाठ्यपुस्तक देऊ नका.

उपयोगी पडतात ती नववीनंतरची चालू आवृत्तीची पुस्तकं, शब्दकोश, नकाशासंग्रह, चित्रकलेचं साहित्य, कंपासपेट्या, दप्तरं आणि मुलांची गोष्टीची पुस्तकं. गोष्टीची पुस्तकं तर कितीही द्या. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं देताना वर्ष बघा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे त्याआधीचे बहुपर्यायी प्रश्नसंच दिले तर त्या मुलाचा वेळ वाया जाईल. वह्यांतली कोरी पानं फाडून एकत्र करा, जवळच्या बाइंडरकडून शिवून घ्या. मे महिन्यात हे काम झालं तर जूनमध्ये शाळा उघडताना ती वही हातात पडते.

वाचनालयाला यादी पाठवा, गठ्ठा पाठवू नका. त्यांच्याकडे असलेल्या कादंबरीची चौथी प्रत ठेवायला जागा नसते. जुन्या दिवाळी अंकांचे सलग संच, बंद पडलेली नियतकालिकं आणि स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका असतील तर मुंबई किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांना आधी विचारा. वाळवी किंवा कसर लागलेलं पुस्तक चांगल्या पुस्तकांत मिसळू नका. एका पुस्तकामुळे आख्खं कपाट जातं.

*गाद्या आणि फर्निचर*

कापसाची गादी फेकायची गरज नसते. गादीवाल्याकडून कापूस पिंजून नवी गादी किंवा उशा, लोड, तक्के करून घ्या आणि मग ते द्या. फोमची दबलेली, डागाळलेली गादी मात्र कुणी घेत नाही.

लाकडी सामानाच्या खालच्या बाजूला टॉर्च मारा. बारीक भोकं आणि पीठासारखा भुसा दिसला तर कीड आहे. पलंगाच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके म्हणजे ढेकूण. असं सामान आधी औषध मारून उन्हात काढा, नाहीतर देऊच नका. ढेकूण घरात येणं हा एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला मोठा त्रास आहे.

सोफा घेणाऱ्या संस्था फार कमी. लोखंडी कपाट, लाकडी खुर्च्या, टेबलं, बाकं सहज जातात. उघडता येणारं सामान उघडून स्क्रू एका पिशवीत घाला आणि ती पिशवी त्याच सामानाला बांधा.

*रुग्णाचं साहित्य*

घरातलं आजारपण संपल्यावर वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, एअरबेड, रुग्णाची खाट कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहते. आठवणीपायी हात लावावासा वाटत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण या वस्तू विकत घ्यायला महाग आहेत आणि दुसऱ्या घरात त्या आजच हव्या असतात. बहुतेक शहरांत सेवाभावी संस्थांची रुग्णसाहित्य केंद्रं आहेत. ती अनामत घेऊन वस्तू वापरायला देतात आणि काम झालं की परत घेतात. एक व्हीलचेअर अशी बऱ्याच घरांत फिरते.

देण्याआधी साबणाने धुवा, जंतुनाशकाने पुसा, वॉकरच्या पायांची रबरं नवी घाला, ब्रेक तपासा, एअरबेड फुगवून रात्रभर ठेवा. नेब्युलायझरचे मास्क आणि वापरलेल्या नळ्या देऊ नका. मोठ्यांचे न वापरलेले डायपर वृद्धाश्रमांना लागतात, पाकीट फुटलेलं असेल तर तसं सांगून विचारा.

सावधान: उरलेल्या गोळ्या, उघडलेली सिरप, अर्ध्या पट्ट्या दानाच्या पिशवीत कधीही घालू नका, मुदत शिल्लक असली तरी.

*फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन*

चालू असेल तरच द्या आणि घेणाऱ्याला चालवून दाखवा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, आतून कोरडा करा. नेताना उभाच न्या आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करायला सांगा. खूप जुना फ्रिज वीज जास्त खातो. घेणाऱ्याचं वीजबिल कोण भरणार याचा विचार करून हे आधीच स्पष्ट सांगा. न वापरायचा फ्रिज अंगणात ठेवणार असाल तर त्याचं दार काढून टाका, खेळताना मुलं आत अडकतात.

जाड काचेचे जुने टीव्ही आता कुणालाच नको असतात. त्या काचेत शिसं असतं. त्यांची जागा ई-कचऱ्यात.

*देवांच्या तसबिरी*

पिंपळाखाली, नदीकाठी तसबिरी ठेवून येणं थांबवू या. पाऊस-उन्हात त्यांची होणारी विटंबना बघवत नाही. उत्तरपूजा करा, फ्रेम उकला, काच वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्यात वेगळी द्या, लाकूड किंवा धातू वेगळा करा, कागद पाण्यात विरघळवून झाडाच्या मातीत मिसळा. काही शहरांत अशा तसबिरी गोळा करणाऱ्या संस्थाही आहेत.

टप्पा ६: बांधणी

काळ्या कचऱ्याच्या पिशवीत काही भरू नका. ती कचरा समजून उचलली जाते, आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या मनातही ती कचऱ्याचीच पिशवी असते. कपडे जुन्या चादरीत गाठोडं करून बांधा म्हणजे चादरही कामी येते. पुस्तकं छोट्या खोक्यांत भरा, मोठं खोकं भरलं तर उचलणाऱ्याची कंबर जाते. काचेच्या वस्तूंना कपड्यांत गुंडाळायचा मोह टाळा, वर्तमानपत्र वापरा.

प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी हवी: ‘पुरुष, पँट-शर्ट, १४ नग’. यादी केलेली आहेच, तिच्यावरून उतरवायचं.

टप्पा ७: पोचवणं

निघण्याआधी त्या दिवशी सकाळी फोन करा. केंद्र बंद दिसल्यावर सामान दारात ठेवून परतणं म्हणजे ते रस्त्यावर टाकणंच. मोठं सामान असेल तर इमारतीतल्या दोन-तीन घरांनी मिळून छोटा हत्ती ठरवा. जिना, लिफ्ट, सोसायटीच्या गेटची वेळ आधी बघून घ्या. हमाली आणि भाडं तुम्ही द्या. फुकट वस्तूसाठी संस्थेला दीड-दोन हजार भाडं मोजायला लावू नका. शक्य असेल तर निवडण्याच्या खर्चासाठी थोडे पैसेही द्या, अनेक संस्थांना कपड्यांइतकीच त्याची गरज असते.

वस्तूंच्या दानावर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. ज्या कलमाला सगळे ८०जी म्हणतात, ते पैशाच्या देणगीसाठी आहे आणि त्यातही दोन हजारांवरची रोख रक्कम चालत नाही. फोन-लॅपटॉप देताना मात्र ‘अमुक तारखेला अमुक क्रमांकाचं यंत्र दिलं’ अशी सही घेऊन ठेवा, फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, त्यात लिहा.

काही वस्तू ऑनलाइन विकत असाल, तर पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पिन टाका असं कुणी सांगितलं की बोलणं तिथेच संपवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. लष्करात आहे, बदली झालीय, बघायला येऊ शकत नाही, असं सांगणारे खरेदीदार हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे.

टप्पा ८: जे उरलं ते

कागद, पुठ्ठा, पत्रा, प्लॅस्टिक, काच वेगवेगळं आणि कोरडं करून कचरावेचक ताईंना किंवा भंगारवाल्याला द्या. फाटकी पादत्राणं जोडी बांधून द्या. गॅरेज आणि छापखान्यांत पुसायला सुती चिंध्या लागतात, जवळ असेल तिथे विचारा.

वायरी, चार्जर, रिमोट, इस्त्री, ट्यूबलाइट, बॅटऱ्या हे साध्या भंगारात जाता कामा नये. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि तो धूर वस्तीतल्या मुलांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत उत्पादक कंपन्यांवर जुन्या मालाची जबाबदारी आहे, म्हणून नवं यंत्र घेताना दुकानात जुनं परत घेण्याबद्दल विचारा. नाहीतर नोंदणीकृत संकलकाला किंवा महापालिकेच्या संकलनाला द्या. पुण्यासह अनेक शहरांत २६ जानेवारीच्या सुमारास ई-कचऱ्याच्या मोहिमा असतात, तोवर एका खोक्यात साठवा. फुगलेली बॅटरी मात्र साठवू नका, टोचूही नका. वाळूच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर पोचवा. ट्यूब आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. ते फुटू न देता कागदात गुंडाळून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्या.

आठवड्याभराने संस्थेला एक फोन करा आणि विचारा, पाठवलेल्यातलं काय उपयोगी पडलं नाही. ते संकोचतील, तरी विचारा. जे नको होतं ते परत न्यायची तयारी दाखवा आणि त्यांनी बोलावलं तर खरोखर जा. त्यांनी सांगितलेल्या वस्तू यादीवर लाल पेनाने खोडा आणि ती वही कपाटात ठेवा. पुढच्या आवराआवरीत पहिला टप्पा तिथूनच सुरू करता येईल.